दोन चाळीस ते तीन एकवीस

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घड्याळांच्या खोलीत दहा मिनिटांच्या वर कुणी थांबायचं नाही, हा नियम मी केलेला. दारावरची पाटीही मीच लावलेली. एकदा कुठल्याशा खात्याचे चार पाहुणे आत गप्पा मारत उभे राहिले, तर मी त्यांना त्यांच्या अधिकाऱ्यासकट बाहेर काढलं होतं. आमचे साहेब नंतर म्हणाले, "अहो, जरा गोडीत सांगायचं." मी म्हटलं, "साहेब, घड्याळाला गोडी कळत नाही, उष्णता कळते." सगळे हसले. फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी.

उष्णतेचं असं आहे, की एक माणूस नुसता गप्प बसला तरी जुन्या शंभरच्या बल्बइतका तापतो. तुमच्या घरात त्याने काही बिघडत नाही. आमच्या खोलीत बिघडतं. तिथे पाच अणुघड्याळं आहेत. काटे नाहीत, टिकटिक नाही, नुसती कपाटाएवढी खोकी, अणूंची थरथर मोजत बसलेली. पाचांचं एकमेकांशी कधीच पटत नाही. म्हणून आम्ही पाचांची सरासरी काढतो, आणि ती सरासरी म्हणजे देशाची वेळ. रेल्वे, बँका, विजेची केंद्रं, मोबाइलचे टॉवर, सगळे दिवसभर आमच्याकडे वेळ विचारत असतात आणि आमची यंत्रं न कंटाळता ती सांगत असतात. मी स्वतः मात्र आजवर एकाही लग्नाला वेळेवर पोचलेले नाही. वहिनी म्हणते, "ताई, देशाची वेळ सांभाळता सांभाळता तुमची कुठे ठेवून आलात?"

या पाचांना नावं ठेवली मामांनी. थोरला, मधला, धाकटी, रडकी आणि पाहुणा. पाहुणा सगळ्यात शेवटी आला. सहा वर्षं झाली, अजून पाहुणाच. थोरला सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा. सरासरीत त्याच्याच शब्दाला वजन जास्त. पण वयोमानाने त्याचं आवरण विरलेलं, त्यामुळे खोली अर्धा अंश तापली तरी रुसायचा आणि मग आठवडाभर समजूत निघायची नाही.

मामा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. माझे कोणी नव्हेत, पण सगळ्या कचेरीचे मामा. साहेबही त्यांना मामाच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी ती खोली सांभाळली. मी नवी लागले तेव्हा त्यांनी मला थोरल्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "पोरी, याच्यापुढे श्वाससुद्धा बेताने घ्यायचा." पुढे मी त्यांची वरिष्ठ झाले. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणायला लागले, पण एकटी असले की 'पोरी'च.

खोलीबाहेर एक वही असते, तिला दोरीने पेन बांधलेलं. कोण, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. मोबाइल बाहेरच्या खणात ठेवायचा. मग दार. त्या दाराला कडेने जाड रबराची पट्टी आहे. लागलेलं असेल तर दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि चप्प असा आवाज करून सुटतं. हे सगळं नीट सांगतेय कारण पुढे सगळं या दारावरच येणार आहे.

त्या मंगळवारी सकाळपासून दादाचे फोन येत होते. बाबांचा पाय मोडल्यापासून ते चार महिने दादाकडे होते, आणि आता माझी पाळी होती. दादाचं काही चुकत नव्हतं. पण माझं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी दिवसभर बाहेर. सबबी सगळ्या तयार होत्या, एकाला एक लावून ठेवल्यासारख्या. फक्त त्या दादाला ऐकवायचं तोंड नव्हतं. दुपारी अकरावा फोन आला तेव्हा मी फोन खणात टाकला. तो तिथेही थरथरत राहिला. मी दोन्ही हातांनी दार ओढलं आणि आत गेले.

वहीत लिहिलं नाही. काय लिहिणार होते? कारण: भावाला टोलवण्यासाठी?

थोरल्याच्या मागे मामांचं एक बुटकं स्टूल असतं. त्यावर बसले. आत गार होतं, एकसारखी गुणगुण होती, कोणी मला काही मागत नव्हतं. मी रडले. चांगली पोटभर रडले, नाक लाल होईपर्यंत. मग नुसती बसून राहिले. आत जाताना मनगटाकडे बघितलं तेव्हा दोन चाळीस झाले होते आणि बाहेर आले तेव्हा तीन एकवीस. आमच्या धंद्यातली सवय. माणूस रडायला जातानाही घड्याळ बघतो. एक्केचाळीस मिनिटं. माझ्याच पाटीखालून मी बाहेर आले, तोंड धुतलं, चहा घेतला आणि खरंच सांगते, तोवर त्या पाटीची मला आठवणही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, थोरला हलला."

आलेख समोर होता. काल दुपारी अडीचनंतर खोलीचं तापमान चढलेलं, तीन-सव्वातीनला सर्वांत वर, मग हळूहळू खाली. तापमान उतरलं तरी थोरला उतरला नाही. शुक्रवारपर्यंत आमची वेळ चार नॅनोसेकंदांनी सरकली होती. म्हणजे एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले चार. रस्त्यावरच्या कुणालाही त्याचा पत्ता लागणार नाही. पण जगातल्या सगळ्या देशांच्या वेळा एकमेकींशी ताडून दर महिन्याला एक पत्रक निघतं, आणि त्यात आमच्या नावापुढे तो खड्डा दिसणार होता. तो सगळ्या जगातले आमच्यासारखे लोक वाचणार होते, आणि साहेबांचा जीव त्या पत्रकात असतो.

शुक्रवारी बैठक झाली. साहेब, मी आणि मामा. वही मध्ये टेबलावर. मंगळवारची शेवटची नोंद मामांची होती: आत दोन दहा, बाहेर दोन सोळा.

साहेब म्हणाले, "मामा, दार नीट लावलं होतंत?"

"हो," मामा म्हणाले. लगेच म्हणाले, विचार करायलाही थांबले नाहीत.

"मग तापमान चढलं कसं? तुमच्यानंतर कोणी आत गेलंच नाही."

मामांनी वही स्वतःकडे ओढून ती नोंद परत वाचली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय मत?"

ती वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब चिडले असते, चार दिवस कचेरीत हसू झालं असतं, महिन्याभराने मला विभागप्रमुख करणार होते ते कदाचित लांबलं असतं. एवढंच. पण जिने पाहुण्यांना दरडावून बाहेर काढलं, तिनेच आत बसून रडायचं, आणि वर ते सांगायचं. माझी जीभच उचलेना. मी साळसूदपणे म्हटलं, "साहेब, दाराचं रबर जुनं झालंय. दाबून लावावं लागतं, नाहीतर फट राहते आणि बऱ्याच वेळाने ती आपोआप बसते. एखाद्या वेळी माणूस विसरतो."

मला वाटलं, मी सौम्य बोलले. मामांना सांभाळून घेतलं असंही वाटलं, बघा माझी हिंमत. पण 'विसरतो' म्हटल्यावर मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वहीकडे बघायला लागले. मला माहीत होतं ना. मामांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला विचारायचे, "या बाई कोण?" बरीच वर्षं झाली, जिन्यात चहा पिताना मामा मला म्हणाले होते, "मरणाची नाही भीती वाटत पोरी. वाटते ती तेवढ्याची." हे त्यांनी मला सांगितलं होतं. साहेबांना नाही, मला.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. चोराच्या हातात पंचनामा. लिहायला बसले तेव्हा खोलीच्या सगळ्या मोजमापांचे कागद काढले, आणि त्यात हवेतल्या ओलाव्याचा आलेख निघाला. दार उघडं राहिलं असतं तर बाहेरच्या बोळातली कोरडी हवा आत गेली असती आणि ओलावा खाली आला असता. आलेख वर गेला होता. दोन चाळीसला चढायला लागून तीन एकवीसला वळलेला. माणूस श्वास सोडतो ती वाफ असते, आणि रडणाऱ्या माणसाची जरा जास्तच. कोणाही शहाण्याने तो कागद बघितला असता तर म्हणाला असता, आत कोणीतरी बसलं होतं.

मी तो कागद माझ्या खणात ठेवला आणि अहवालात लिहिलं, 'दार पूर्ण बंद न झाल्याची शक्यता.' शक्यता. आम्ही लोक शब्द फार जपून वापरतो. साहेबांनी सही केली. मामांनीही केली, वाचून, चष्मा लावून.

आतमध्ये बसून एक्केचाळीस मिनिटं घालवली ती चूक होती. चूक कोणाचीही होते. कागद खणात ठेवला ती चूक नव्हती. तिला दुसरं नाव आहे, आणि ते मला चांगलं माहीत आहे.

बाबा तर पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे आले. दादा आणि खालच्या मजल्यावरचे काका, दोघांनी खुर्चीत बसवून वर आणले. काही जड गेलं नाही. सकाळी माझ्याआधी उठून वर्तमानपत्र वाचतात आणि मला उशीर होतोय म्हणून ओरडतात. ज्याच्यासाठी एवढं लपले ते हे एवढंसं होतं, आणि तेच जास्त झोंबतं.

मामा पहिले काही दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी जाताना माझ्या दाराशी थांबले. "पोरी, मी दार लावलं ना गं आज?"

"लावलं मामा."

"तू बघितलंस?"

"मी बघते जाऊन."

गेले, बघितलं, घट्ट होतं. परत येऊन सांगितलं. मामांचा जीव भांड्यात पडला. आणि मग ते रोजचंच झालं. सगळ्या कचेरीत त्यांनी आपल्या डोक्यावर पहारा ठेवायला निवडलं कोणाला, तर मला. "तू आहेस म्हणून बरं," म्हणायचे. मी मान डोलवायचे. जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि बाबांवर, दादावर, बसच्या कंडक्टरवर, दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

मग खोलीच्या दारावर चिठ्ठ्या आल्या. 'दार दाबले का?' 'दिवा बंद?' 'वही?' मामांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे त्या चिठ्ठ्या आणखी वाईट दिसायच्या. माणूस दर वेळी तीनदा तपासायला लागला की चौथ्यांदा खरंच गोंधळतो. एकदा वहीत तारीख चुकली. एकदा डबा घरी राहिला. डबा कोणाचा राहत नाही? माझा आठवड्यातून दोनदा राहतो. पण मामांनी तो डबा मनाला लावून घेतला.

"दादाचंही असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. त्यांचा दादा म्हणजे तो गेलेला भाऊ. "आधी डबा, मग किल्ल्या."

मी म्हटलं, "मामा, काहीतरी मनात घेऊ नका." याहून जास्त काही म्हटलं नाही.

मामांची नात पहिलीत होती. तिला शाळेतून मामा आणायचे. त्यासाठी ते दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी लांबवायचे. साहेबांनी तशी मुभा दिली होती. शाळा कोपऱ्यावरच, पण मधला रस्ता मोठा. पोर त्यांच्या पाठीवर दप्तर लटकवून स्वतः मोकळी पुढे उड्या मारत यायची. एक दिवस दुपार झाली आणि मामा जागेवरच.

"नातीला आणायला नाही गेलात?"

"बाई लावलीय आता लेकीने." ते पेन पुसत होते. "मीच सांगितलं तिला. म्हटलं, मला दार लावलेलं आठवत नाही. उद्या रस्त्यात हात सोडला आणि आठवलं नाही तर? ती रडली. पण बाई लावली."

त्या दिवशी मी सांगणार होते. शपथेवर सांगते, उठले सुद्धा होते. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, विभागप्रमुखाच्या खुर्चीचं पत्र आलंय म्हणून. मी पत्र घ्यायला गेले.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना मामांनी अर्ज दिला, आत्ताच मोकळं करा म्हणून. साहेबांनी दोनदा समजावलं, मग मंजूर केला. शेवटच्या आठवड्यात मामा एकदा माझ्याकडे आले ते चक्क हसत. कित्येक दिवसांनी हसत.

"पोरी, आठवलं मला."

"काय?"

"त्या मंगळवारचं. मी दाराशी आलो, चष्म्यावर वाफ धरली होती. रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि दार तसंच राहिलं. आता स्पष्ट दिसतं. एवढे दिवस वाटायचं, मी तर दाबलं होतं, मग झालं कसं? त्या विचाराने वेड लागायची पाळी आली होती. आता बरं वाटतं. चुकलो तर चुकलो, निदान आठवतंय तरी."

मामांनंतर ते दार मी ओढलं होतं. दोन्ही हातांनी. चप्प आवाज करून सुटलं होतं. जे घडलंच नव्हतं ते त्या माणसाने स्वतःच्या डोक्यात घडवलं होतं, रुमालासकट, कारण माझं खोटं त्यांच्या खऱ्या आठवणीत कुठेच बसत नव्हतं. त्यांनी माझं खोटं ठेवलं आणि स्वतःची आठवण टाकून दिली.

तेव्हाही मी तिथल्या तिथे बोलले नाही. एवढी मी भित्री. तोंड उघडलं की फक्त दुसऱ्यांवर उघडतं.

ते रविवारी घडलं. खणातला कागद पर्समध्ये घातला आणि मामांच्या घरी गेले. दार त्यांच्या लेकीने उघडलं. मामा टेबलाशी बसून नातीच्या पेन्सिलींना टोकं करत होते, एका ओळीत मांडून. नात बाजूला चित्र रंगवत होती. "या, मॅडम," मामा म्हणाले, लेक होती म्हणून.

मी बसलेही नाही. वाटलं, बसले तर चहा येईल, चहा आला की राहून जाईल. म्हटलं, "मामा, त्या मंगळवारी तुमच्यानंतर मी आत गेले होते. एक्केचाळीस मिनिटं बसले होते. वहीत लिहिलं नाही. तुम्ही दार लावलेलं होतं."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. लेक स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली.

"हे माझ्या समाधानासाठी सांगतेस तू," मामा म्हणाले. "चांगली आहेस. पण नको."

याची मला कल्पनाच नव्हती. शिव्या मिळतील, हाकलतील, या सगळ्याची तयारी करून गेले होते. माझा गुन्हा ते माझा चांगुलपणा म्हणून घेत होते. मी पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हे बघा. ओलावा. मी हा अहवालात लावला नाही."

मामांनी चष्मा चढवला. बोट कागदाच्या खालच्या कडेने, वेळेच्या आकड्यांवरून सरकत गेलं, दोन चाळीसवर थांबलं, मग रेषेबरोबर वर चढलं, तीन एकवीसला वळलं. एकतीस वर्षं असे कागद वाचलेलं बोट; त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आत कोणीतरी श्वास घेत होतं," ते म्हणाले.

"मी होते."

"दार ओढलंस तेव्हा?"

"घट्ट होतं."

"नक्की?"

"दोन्ही हातांनी ओढलं मामा. चप्प झालं."

लेक माझ्याकडे बघत होती. मी तिला नजर देऊ शकले नाही. ती म्हणाली, "पाच महिने. पाच महिने तुम्ही रोज यांच्याशेजारी बसत होतात." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मला चढलेल्या आवाजांची सवय आहे.

"हो," मी म्हटलं. "माझंच चुकलं. उद्या साहेबांनाही सांगणार आहे, लेखी. तुम्ही पुन्हा नातीला..."

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि हातात धरून त्याच्याकडे बघत होते. मी वाट बघत होते की आता त्यांचा चेहरा मोकळा होईल. त्यासाठीच तर आले होते. तो झाला नाही.

"मग हे काय आहे?" ते म्हणाले. "मला दिसतं गं ते. चष्म्यावर वाफ. निळ्या काठाचा रुमाल. दार अर्धं. तू म्हणतेस ते घडलंच नाही, आणि हा कागदही तेच म्हणतो. मग मला आठवतं ते काय आहे?"

विसरण्याची भीती काढायला गेले होते, आणि आता त्यांच्या हातात त्याहून वाईट काहीतरी देऊन बसले होते. न घडलेलं आठवणारा माणूस. लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नातीने मान वर करून सगळ्यांकडे बघितलं आणि परत रंगवायला लागली.

मग मामांनी नातीच्या वहीतलं एक पान अलगद फाडलं, टोक केलेली एक पेन्सिल उचलली, आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवली.

"लिही," ते म्हणाले. "वार, वेळ, काय झालं ते. खाली सही."

"साहेबांना लिहिणारच आहे मी."

"साहेबांचं तू बघ. हे मला. मला रोज वाचावं लागेल ते."

मी लिहिलं. 'मंगळवार. दोन चाळीस ते तीन एकवीस मी आत होते. त्याआधी दार घट्ट बंद होतं.' सही केली. मामांनी वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं. "मामांनी लावलं होतं, असं घाल." मी ते घातलं. त्यांनी आणखी एकदा वाचलं, ओठ हलवत, आणि उठून ते पान घराच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं. तिथे आधीच चार चिठ्ठ्या होत्या. गॅस. किल्ली. चष्मा. दार.

साहेबांना सोमवारी लिहून दिलं. माझी खुर्ची गेली, आणि खोलीत शिरण्याची परवानगीही गेली; ते ठीकच झालं. पुढच्या पत्रकात चार ओळींचा खुलासा छापला, की गेल्या अमुक महिन्यातील फरकाचं कारण वेगळं होतं. जगातल्या सगळ्यांनी तो वाचला असेल. आमच्या धंद्यात हे बरं आहे, वेळ सरकली तरी काही महिन्यांनी तिची दुरुस्ती छापता येते आणि सगळे ती मान्य करतात. मामांना साहेब स्वतः घरी जाऊन बोलवून आले, राहिलेले महिने पूर्ण करा म्हणून. मामा नाही म्हणाले. शाळेतून नातीला अजून बाईच आणते.

मी दर रविवारी जाते. लेक माझ्याशी बोलत नाही, चहा ठेवते आणि आत जाते. तिचं बरोबर आहे. मामा थोरल्याची विचारपूस करतात, रडकी अजून रडते का विचारतात. पान दोनदा फाटलं, दोनदा मी नवीन लिहून दिलं, शब्द तेच. मी निघाले की मामा दारापर्यंत येतात आणि विचारतात, "घट्ट होतं ना गं?"

"घट्ट होतं मामा. दोन्ही हातांनी ओढलं."

ते मान हलवतात. मग माझ्यामागे दार लागतं. मी जिन्यात थांबते. कडी लागल्याचा आवाज येतो. थोड्या वेळाने निघाल्याचा. परत लागल्याचा. परत निघाल्याचा. तिसऱ्यांदा लागली की मग मी खाली उतरते.